जुन्या आवृत्तीचा वाली कोण?

(हिंगोली इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. प्रश्नोत्तरांतले दोन प्रश्न शेवटी दिले आहेत.)



विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला वाटेत गाठून विचारलं, "सर, अमेरिकेतल्या त्या खेळाच्या जुन्या आवृत्त्यांचं हिंगोलीत काय काम?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याच्या उत्तरापासूनच सुरुवात करतो.

माझा भाचा आणि त्याचे चार मित्र दर रविवारी आमच्या माडीवर जमतात. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. आता ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पट असलाच तर नावाला. एकजण गोष्ट सांगणारा. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं: कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर. "तुमच्यासमोर पडका वाडा आहे, काय करता?" असं तो विचारतो. हे सांगतात, "भिंतीवरून चढतो." मग वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि चढला की पडला ते नियमांप्रमाणं ठरवायचं. बहुरूपी सोंग घेतो तसं सोंग, पण बसल्या जागी, आणि हिशेबासकट. याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात.

तर या पोरांकडं खेळाचं छापील पुस्तक नाही. कंपनीनं 2014 साली मूळ नियमांची एक पीडीएफ फुकट दिली होती, ती झेरॉक्सच्या दुकानातून काढून स्पायरल केलेली आहे. कोपरे मऊ पडलेत, चहाचे डाग आहेत. एका रविवारी भाचा म्हणाला, "मामा, आपली आवृत्ती जुनी झाली. 2024ची नवी आली."

तो सूर माझ्या ओळखीचा होता. आम्ही शाळेत असताना वरच्या वर्गातल्या मुलाकडून अर्ध्या किमतीत पुस्तकं घ्यायचो, कव्हरं घालायचो, आणि जूनमध्ये गुरुजी सांगायचे, अभ्यासक्रम बदलला. ज्याला नवं घेणं जमायचं तो नवं घ्यायचा. बाकीचे जुन्यावरच रेटायचे, परीक्षेत जे व्हायचं ते व्हायचं.

म्हणून माझं म्हणणं असं की जुनी आवृत्ती ही पुण्या-मुंबईतल्या किंवा अमेरिकेतल्या हौशी माणसासाठी आठवणींची गोष्ट असेल. आपल्यासारख्या उशिरा पोहोचणाऱ्यांसाठी ती चालू वर्तमानकाळाची गोष्ट आहे. आपण बहुतेक वेळा जुन्या आवृत्तीतच राहतो. त्यामुळं प्रकाशक जुन्या आवृत्तीशी कसा वागतो, हे तपासायचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे.

तपासायचं कशावर? मी तीन प्रश्न घेतो. पहिला, जुनी आवृत्ती मिळते का? दुसरा, तिच्यावर इतरांना काही रचता येतं का, म्हणजे नव्या गोष्टी लिहिणं, भाषांतर करणं, नियम पुन्हा सांगणं? आणि तिसरा, एकदा घेतलेली वस्तू हातात राहते का?

आता इतिहास पाहू. हा खेळ 1974 साली आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे कर्ते, टीएसआर ही कंपनी, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा हे गाव. पहिल्या छपाईच्या प्रती हजार. पुढं 1977पासून 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्ती, 1989मध्ये तिची दुसरी. 1997मध्ये टीएसआर डबघाईला आली आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं ती घेतली. त्यांनी 2000मध्ये तिसरी आवृत्ती काढली, तीनच वर्षांत तिची दुरुस्त आवृत्ती, 2008मध्ये चौथी, 2014मध्ये पाचवी, आणि 2024मध्ये त्याच पाचवीची नवी पुस्तकं.

तुम्ही म्हणाल, आवृत्ती बदलली तर काय बिघडलं? व्याकरणाच्या पुस्तकाच्याही आवृत्त्या निघतात. पण इथं आवृत्ती बदलणं म्हणजे छपाईच्या चुका दुरुस्त करणं नाही. एकच उदाहरण देतो. जुन्या आवृत्त्यांत चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत भक्कम. 2000पासून उलटं, आकडा जितका जास्त तितकं भक्कम. म्हणजे जुन्या साहसाचं पुस्तक नव्या नियमांनी खेळायचं तर पानोपानी आकडे फिरवत बसा. एका आवृत्तीसाठी घेतलेली दहा पुस्तकं दुसरीत जशीच्या तशी चालत नाहीत.

आता विझार्ड्सला तीन प्रश्न लावू.

पहिला, मिळण्याचा. 2009च्या एप्रिलमध्ये या कंपनीनं आपल्या सगळ्या पीडीएफ बाजारातून एकदम काढून घेतल्या. कारण सांगितलं चोरट्या प्रतींचं. म्हणजे चोराच्या भीतीनं गिऱ्हाइकाला दार बंद. सत्तरच्या दशकातली पुस्तकं कायदेशीर मार्गानं मिळायची एकमेव सोपी वाट होती, तीच बंद झाली; आणि चोरट्या प्रती अर्थातच जागच्या जागी राहिल्या. हे चार वर्षं चाललं. 2012मध्ये पहिल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'ची तीन मुख्य पुस्तकं देखण्या बांधणीत पुन्हा छापली, 2013च्या जानेवारीत पीडीएफ परत आल्या. आज जुन्या बहुतेक आवृत्त्यांची पुस्तकं विकत मिळतात, काही तर मागणीनुसार छापूनही मिळतात. श्रेय द्यायला हवं. उशिरा का होईना, या प्रश्नात कंपनी पास आहे.

दुसरा, रचण्याचा. इथं गंमत आहे. 2000 साली याच कंपनीनं एक खुला परवाना दिला: तिसऱ्या आवृत्तीचा नियमांचा गाभा घ्या, त्यावर तुमची पुस्तकं काढा, विका. हेतू सरळ व्यापारी होता. इतरांनी साहसं छापली की मूळ पुस्तक खपतं. पण लोकांनी तो परवाना कंपनीच्या मनात नसलेल्या कामासाठी वापरला. 2006मध्ये 'ऑस्रिक' नावाचा दस्तऐवज निघाला. त्यात पहिल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'चे नियम नव्या शब्दांत पुन्हा मांडलेले होते. खेळाच्या नियमामागच्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो लिहिलेल्या शब्दांवर असतो. खुल्या परवान्यानं नेमक्या संज्ञाही वापरायला मिळाल्या. मागोमाग 'लॅबिरिन्थ लॉर्ड', 'स्वोर्ड्स अँड विझर्ड्री' असे आणखी आले. लक्षात घ्या, 2009ला पीडीएफ गायब झाल्या तेव्हा जुना खेळ मेला नाही, कारण नियम तोवर दुसऱ्यांच्या हातात पोहोचले होते. पुस्तक मिळेनासं झालं, तरी खेळ चालू राहिला.

तिसरा प्रश्न, हातात राहण्याचा. इथं मात्र कंपनीचा निकाल वाईट आहे. 2009मध्ये ज्यांनी पैसे मोजून पीडीएफ घेतल्या होत्या त्यांनाही त्या पुन्हा उतरवून घेता येईनात. चौथ्या आवृत्तीत पात्र तयार करायची ऑनलाइन साधनं वर्गणी भरून मिळत होती, ती 2019 संपताना बंद झाली. आणि 2024च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं जाहीर केलं की तिच्या ऑनलाइन मंचावरच्या पात्रपत्रिकांत जुने मंत्र जाऊन नवे येतील. म्हणजे मी 2014चा खेळ विकत घेतला, रविवारी रात्री झोपलो, आणि सोमवारी माझ्या जादूगाराचा मंत्र परस्पर बदललेला. आरडाओरडा झाला, तेव्हा काही दिवसांत माघार घेतली. पण मनात काय आहे ते कळलं. स्पायरलच्या पुस्तकात कुणी रात्रीतून येऊन पान बदलत नाही. झेरॉक्सची ही श्रीमंती आपल्याला उगाच माहीत नव्हती.

आता आपल्या घरात डोकावू. आपल्याकडं बैठ्या खेळांचं काय झालं? मला दोन उदाहरणं द्यायची आहेत, कारण त्यांत वरचाच धडा उलट बाजूनं दिसतो.

पहिलं, देशी बुद्धिबळ. आजोबांच्या पिढीत ज्यांनी खेळलं त्यांना आठवत असेल: प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नसे, राजाला किल्लेकोट नसे, त्याऐवजी शह बसण्याआधी एकदाच घोड्याची उडी घेता येई, आणि प्यादं पलीकडं पोहोचलं की ज्याच्या घरात पोहोचलं ते मोहरं होई. गावोगावी थोडे फरक. या खेळाला प्रकाशक नव्हता. 1814 साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं बुद्धिबळावरचं पुस्तक संस्कृतातून इंग्रजीत छापलं गेलं. त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं की हे युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेलं आहे. म्हणजे छापखान्यात पाऊल टाकतानाच आपली आवृत्ती 'सुधारून' गेली. पुढं स्पर्धा आल्या, संघटना आल्या, सगळ्यांना एक नियम हवा होता, तो आंतरराष्ट्रीय ठरला. त्यात आपली मुलं चमकली, त्याचा आनंदच आहे. पण पट तोच, मोहरी तीच, घरोघरी आजही आहेत. त्यावरचा जुना खेळ मात्र गेला. तो कसा खेळायचा हे सांगणारं एक स्वस्त, सोपं, मराठी पुस्तक सहज कुठं हाती लागत नाही.

दुसरं, सावंतवाडीची गंजिफा. गोल पत्ते, लाखेचं काम, दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, एकूण 120. ही कला संपायला आली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी 1970च्या दशकात जुन्या चितारी कारागिरांकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले. आज तिला भौगोलिक मानांकन आहे. हे काम मोठं आहे, त्याबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे.

पण समीक्षक म्हणून एक प्रश्न विचारायलाच हवा. पत्ते वाचले, खेळ वाचला का? तुमच्यापैकी किती जणांनी गंजिफा पाहिली आहे? बरेच हात वर आहेत. आणि किती जणांना खेळता येते? ...एकही नाही. मलाही पुस्तकातून जेवढी कळली तेवढीच. राजा आणि प्रधान वर, हे सगळीकडं सारखं. पण निम्म्या रंगांत दहावा पत्ता मोठा आणि निम्म्या रंगांत एक्का मोठा. दिवसा खेळताना डाव रामाच्या राजापासून सुरू, रात्री कृष्णाच्या. किती सुंदर कल्पना आहे! पण आपण हा संच घेतो, काचेच्या कपाटात ठेवतो, पाहुण्यांना दाखवतो. संच महाग, कारण हातानं रंगवलेला. त्यानं खेळायला माणूस धजत नाही. म्हणजे इथं वस्तूला आधार मिळाला, आणि नियम एकाकी पडले.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवा. तिकडं पुस्तक हिरावलं गेलं तरी नियम लोकांकडं होते, खेळ टिकला. इकडं पट आहे, पत्ते आहेत, कारागीर आहेत, पण नियम चारचौघांच्या हातात नाहीत, खेळ गेला. म्हणून जुन्या आवृत्तीला प्रकाशकाचा आधार म्हणजे देखणी पुनर्छपाई, असं जे समजलं जातं ते अपुरं आहे. देखणी पुनर्छपाई मलाही आवडते. पण ती कपाटासाठी असते. आधार म्हणजे नियम स्वस्तात हाती पडणं आणि ते पुढं सांगायला परवानगी असणं.

चांगलं काम कुणी केलंय का? केलंय. केऑसियम कंपनीचा 'कॉल ऑफ क्थुल्हू' हा खेळ 1981चा. त्याच्या सात आवृत्त्या झाल्या. 2014च्या सातव्यात पात्राच्या गुणांचे आकडे बदलले, पण जुन्या आकड्याला पाचानं गुणलं की नवा आकडा मिळतो, आणि हे रूपांतर पुस्तकातच समजावून दिलं आहे. पाचाचा पाढा येणाऱ्या कुणालाही तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं साहस आज खेळता येतं. मला हा सगळ्यात प्रामाणिक आधार वाटतो. त्यांनी नवं काढलं, विकलं, पैसेही मिळवले. पण जुनं पुस्तक घेणाऱ्याला मूर्ख ठरवलं नाही.

प्रकाशकाच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर हा एकतर्फी निवाडा होईल. कंपनीत माणसं थोडी असतात. पाच आवृत्त्यांसाठी पाच वेगळी पुस्तकं काढायची तर प्रत्येकाचे ग्राहक पाचावर वाटले जातात. टीएसआर बुडायच्या अनेक कारणांत हेही एक सांगितलं जातं, की तिनं इतकी वेगवेगळी काल्पनिक जगं विकायला काढली की तिचे स्वतःचेच ग्राहक आपापसांत वाटले गेले. म्हणून मी असं म्हणतच नाही, की दर वर्षी 1977च्या आवृत्तीसाठी नवं पुस्तक काढा. नवं काढू नका. जुनं काढून घेऊ नका, आणि दुसरा कुणी पुढं नेत असेल तर त्याला अडवू नका. एवढ्याला खर्च फार येत नाही.

इथून पंधरा-वीस किलोमीटरवर नर्सी आहे. नामदेवांचं गाव. त्यांचे अभंग कुणा एका प्रकाशकानं जगवले का? तुकाराम तात्यांची छापील गाथा 1894ची, शासनाची 1970ची. त्याआधीची पाचशे-साडेपाचशे वर्षं ते कीर्तनकारांच्या तोंडी आणि वह्यांत होते. कुणीही उतरवून घ्यावं, कुणीही म्हणावं. याची किंमतही मोजावी लागली: मागून आलेल्या दुसऱ्या नाम्यांचे अभंग त्यांत मिसळले आणि अभ्यासक अजून ते निवडत बसलेत. तिकडं शिखांनी गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं घेतली आणि ती संहिता जशीच्या तशी जपली. दोन्ही रीती आपल्याच नामदेवांना लाभल्या, आणि दोन्ही लागतात. एकानं मूळ प्रत न बदलता जपायची, दुसऱ्यानं ती मोकळेपणानं वाटायची. चांगल्या प्रकाशकानं ही दोन्ही कामं होऊ द्यावीत, इतकंच मागणं आहे.

शेवटाकडं येतो. 2023च्या जानेवारीत विझार्ड्सनं तो जुना खुला परवाना रद्द करायचा घाट घातला. नव्या परवान्याचा मसुदा फुटला, जगभरच्या खेळाडूंनी वर्गण्या बंद केल्या, आणि 27 जानेवारीला कंपनीनं पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. तो परत घेता येत नाही. आणि तो कुठल्या नियमांचा? 2014च्या. म्हणजे माझ्या भाच्याच्या चहाचे डाग पडलेल्या आवृत्तीचा. नवी पुस्तकं येवोत, मंच बंद पडो, कंपनी विकली जावो. त्या नियमांवर आता कुणी कुलूप घालू शकत नाही. हे कंपनीच्या प्रेमापोटी झालं नाही, भांडणापोटी झालं. पण झालं.

त्या गाभ्याची फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश भाषांतरं कंपनीनंच काढली. मराठी त्या यादीत नाही, आणि असायची वाट पाहू नये. परवानगी आहे. मूळ कर्त्याचा उल्लेख करायचा आणि कामाला लागायचं. गेल्या शतकाच्याही मागं आपल्याच औरंगाबादच्या पंडित हरिकृष्णांनी 'क्रीडाकौशल्य' या ग्रंथात खेळांचे नियम टिपून ठेवले; पण संस्कृतात, म्हणून ते पोरांपर्यंत आले नाहीत. ती चूक पुन्हा नको. आणि हे काम करताना शेजारीच चार पानं देशी बुद्धिबळाची आणि चार गंजिफाची जोडा. साध्या कागदावर, झेरॉक्स काढता येईल अशी. तुमच्या घरात कुणी आजोबा जुना डाव जाणत असतील तर या दिवाळीत त्यांच्यासमोर पट मांडून बसा आणि लिहून घ्या.



प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: पण सर, नवी आवृत्ती जास्त चांगली असेल तर जुनीला धरून बसण्यात काय अर्थ?

उत्तर: चांगली असेल तर जरूर खेळा. माझा भाचाही कदाचित खेळेल, पैसे साठले की. पण ते त्यानं ठरवावं. जुनी आवृत्ती वाईट म्हणून सुटली, तर तो निवाडा झाला. ती मिळेनाशी झाली म्हणून सुटली, तर निवाडा झालाच नाही. देशी बुद्धिबळ वाईट होतं, असं कुणी खेळून ठरवलं होतं?

प्रश्न: झेरॉक्स काढणं म्हणजे चोरीच की?

उत्तर: चांगला प्रश्न. सगळंच चालत नाही. पोरांकडं आहे ती पीडीएफ कंपनीनं स्वतः फुकट दिलेली होती आणि स्वतःपुरती छापायला तिची परवानगी होती. विकत मिळणाऱ्या पुस्तकाची चोरटी प्रत काढू नका, लिहिणाऱ्याचं पोट त्यावर असतं. उलट जिथं परवानगी आहे तिथं ती पूर्ण वापरा. आपल्याकडं लोक नको तिथं प्रती काढतात, आणि जिथं मोकळं रान दिलंय तिथं फिरकतही नाहीत.